काकाची पदकं

आमच्या काकाला वीरचक्र मिळालं नव्हतं. गावच्या शाळेच्या सभागृहात त्याच्या फोटोखाली पिवळ्या ऑइलपेंटने 'वीरचक्र विजेते' असं लिहिलेलं होतं, दर 15 ऑगस्टला त्या फोटोला हार पडायचा, आणि त्या शाळेतून शिकून गेलेली सगळी मुलं बाहेर हेच सांगायची. मीही सांगत आले. त्याला खरोखर काय मिळालं होतं ते कळायला त्याच्या मृत्यूनंतर पन्नासहून जास्त वर्षं जावी लागली.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. जन्म गोव्यातल्या म्हार्दोळचा, पोर्तुगीज अमदानीतला. शिक्षण बेळगावला मामांकडे. तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळ मुलांना शाळेसाठी घाट चढावा लागे. 1961 च्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या कारवाईत बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरून हंटर विमानं उडाली आणि त्यांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र बंद पाडलं, तेव्हा तो बेळगावातच होता. ती विमानं बघायला तो सायकल मारत सांबऱ्याला गेला आणि कुंपणाबाहेरून हाकलला गेला, असं आत्या सांगते. पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा आदेश निघून गोवेकर भारताचे नागरिक झाले. त्याच वर्षी चीनशी युद्ध झालं, हवाई दलाने भरती वाढवली. काकाने घरी न विचारता अर्ज केला. हकीमपेटला जेट विमानांचं शिक्षण झालं, आणि कालांतराने ज्या हंटरांसाठी सायकल मारली तेच त्याच्या हाती आलं.

डिसेंबर 1971 मध्ये पश्चिम आघाडीवर जमिनीवरच्या लक्ष्यावर मारा करताना विमानविरोधी तोफांनी त्याचं विमान पाडलं. हंटर एकट्याने उडवायचं विमान. बरोबरच्या दुसऱ्या विमानातल्या वैमानिकाने ते पडताना पाहिलं, पॅराशूट उघडलेलं दिसलं नाही. पण हा तपशील नंतरच्या पत्रातला. आधी आली ती तार, आणि तिच्यात 'बेपत्ता' एवढंच होतं. गोव्यात तेव्हा मुक्तीला दहा वर्षं झाल्याचा सोहळा चालला होता. युद्ध संपून तीन दिवस होत नाहीत तोच 19 डिसेंबर आला.

'बेपत्ता' या शब्दाने आमच्या आजीचं पुढचं आयुष्य ठरवलं. 1 डिसेंबर 1972 ला वाघा सीमेवरून आपले युद्धकैदी परत आले, त्यांत वैमानिकही होते. आजी शेजाऱ्यांच्या रेडिओजवळ बसून राहिली होती म्हणे. त्यात काका नव्हता. तरीही ती मानायला तयार नव्हती. पुढे हवाई दलाकडून पदकांबद्दल विचारणा करणारा छापील कागद आला, वारसाने सही करून परत पाठवायचा. आजीने तो भरला नाही. मेलेल्या माणसाची मेडलं तेवढी घरी पाठवतात, असं तिचं म्हणणं. बाबांनी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा तिने जेवण टाकलं, आणि तो कागद ट्रंकेत गेला.

वीरचक्राचा उगम कुठे झाला ते नक्की सांगता येणार नाही. माझा तर्क असा की शोकसभेत कुणीतरी 'आपल्या गावचा वीर' म्हणालं असणार, आणि फोटोखाली लिहिताना रंगाऱ्याने किंवा त्याला मजकूर सांगणाऱ्याने त्याला चक्र जोडलं. आजी-आजोबांनी हरकत घेतली नाही. त्यांनी तो फोटो कधी जवळ जाऊन पाहिलाच नसेल.

बाबा गेल्यावर घराची कौलं उतरवायचं ठरलं, तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली आली. त्यात काकाची निळी अंतर्देशीय पत्रं, त्याच्या कमांडिंग ऑफिसरने इंग्रजीत लिहिलेलं लांबलचक पत्र, आजोबांच्या नावाने निघालेला पेन्शनचा आदेश, आणि तो न भरलेला कागद. आत्याने कागद वाचला आणि म्हणाली, "आतां आमी मागया गो." ती नव्वदीला आलेली. मी फोंड्याला बँकेत नोकरी करते, अर्ज-कागद हा माझा रोजचाच धंदा, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

गोव्यात लष्करी गणवेशाचं काहीही काम काढलं की लोक डोळे झाकून वास्कोची वाट दाखवतात. दाबोळीचा विमानतळसुद्धा नौदलाच्या तळावर, त्यामुळे विमान आणि नौदल हे समीकरण आमच्या डोक्यात पक्कं. मीही आधी तिकडेच विचारलं. तिथल्या सद्गृहस्थांनी, हवाई दल वेगळं असतं बाई, असं न रागावता सांगितलं आणि पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात जायला सुचवलं. तिथे टेबलामागे माजी सैनिक होते. त्यांनी फोटो पाहिला नाही, गोष्ट ऐकून घेतली नाही. "सर्व्हिस नंबर काय?"

नंबर कुणालाच माहीत नव्हता. कमांडिंग ऑफिसरच्या पत्रात हुद्दा आणि नाव होतं, पण नंबर नाही. माझी आशा पेन्शनच्या आदेशावर होती. पेन्शनची कागदपत्रं नोकरीत रोज बघते, त्यात काय कुठे असतं ते डोळ्यांना पाठ आहे. पण तो कागद घडीवर फाटलेला, आणि आकडे नेमके घडीतच. शेवटी खिडकीच्या काचेवर ट्रेसिंग पेपरसारखा धरून उजेडात वाचला. हुद्दा, नंबर, पुढे शाखेची अक्षरं. खातरजमा दिल्लीतल्या मावसभावाने केली. तो राष्ट्रीय युद्धस्मारकात जाऊन आला. 2019 साली उघडलेल्या या स्मारकात त्यागचक्र नावाच्या भिंती आहेत, त्यांतल्या ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव कोरलेलं. काकाची वीट सापडली, नंबर जुळला. आडनाव जुळलं नाही.

आमचं आडनाव प्रभू. पोर्तुगीज दप्तरात ते 'पोरोबो' असं नोंदवलेलं. गोव्यात हे घरोघरी आहे: नायक 'नाइके' होतो, शेणै 'सिनाय' होतो, आणि जन्माचा दाखला काढायला गेलं की आपलीच ओळख आपल्याला पटवून द्यावी लागते. काकाच्या जन्मनोंदीत पोरोबो, बेळगावच्या शाळेच्या दाखल्यात प्रभू, हवाई दलाच्या कागदांत प्रभूच पण इंग्रजीत शेवटचा एच गाळलेला. आत्याचं तर लग्नानंतर सगळंच बदललेलं. तेव्हा पोरोबोंची ही मुलगी आणि एच नसलेला हा वैमानिक एकाच आईची मुलं, हे सिद्ध करायचं.

याच्या जोडीला मृत्यूचा दाखला. एका कचेरीत तो हवाच म्हणून अडून बसले. मृत्यू गोव्यात झालेला नाही, देह मिळालेला नाही, नोंद करणार कोण आणि कुठल्या पंचायतीत? मी हे सांगितलं की समोरचा गृहस्थ मान डोलवायचा आणि परत तोच रकाना दाखवायचा. सैनिक कल्याणवाल्यांनी यातून सोडवलं: हवाई दलाचं मृत्यू गृहीत धरल्याचं पत्र आणि पेन्शनचा आदेश जोडा, एवढ्यावर चालेल. चाललं.

वारस ठरवायचं काम मात्र गोव्यात उलट सोपं निघालं, याचं मलाच आश्चर्य वाटलं. आमच्याकडे 2012 चा वारसा कायदा आहे, मुळात पोर्तुगीज संहितेवर बेतलेला. उपनिबंधक कचेरीत खास नोटरीसमोर वारसाचा दस्त करता येतो. काकाचं लग्न झालेलं नव्हतं, आईवडील गेलेले, म्हणजे भावंडं आणि गेलेल्या भावंडांची मुलं. आत्या, माझा भाऊ आणि मी. आम्ही दोघांनी पदकं आत्याच्या नावे यायला हरकत नसल्याचं लिहून दिलं. आडनावांसाठी शपथपत्र. आत्याला कचेरीच्या जिन्यावरून खुर्चीत बसवून वर न्यावं लागलं. वर पोचल्यावर तिने नोटरीबाईंना विचारलं, "तुमी खंयच्या गो?" आणि मग पंधरा मिनिटं कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, गप्पा.

अर्ज दिल्लीला गेला. मध्ये बराच काळ काहीच झालं नाही. त्याबद्दल सांगण्यासारखंही काही नाही. दरम्यान मी माझ्यापुरतं वीरचक्र तपासून घेतलं. हे अवघड नाही. शौर्यपदकं राजपत्रात जाहीर होतात आणि संरक्षण मंत्रालयाने सगळ्या विजेत्यांची यादी संकेतस्थळावर ठेवलेली आहे. नावाने शोधलं, एच घालून आणि गाळून शोधलं, 1971 सालची हवाई दलाची वीरचक्रं एकेक करून पाहिली. काका त्यात नाही. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन त्या वेळचे मराठी अंक चाळले. तो बेपत्ता असल्याची छोटी बातमी मिळाली, पुरस्काराची कुठेही नाही.

मग दिल्लीचं उत्तर आलं. एका पानाचं, कोरडं. सदर अधिकारी पुढील पदकांना पात्र आहेत: समर सेवा स्टार 1965, पश्चिमी स्टार, रक्षा मेडल 1965, संग्राम मेडल. शौर्यपदकाचा उल्लेख नाही.

मला यातलं काहीच नीट कळत नव्हतं. ते समजावलं सैनिक कल्याण कार्यालयातल्याच एका निवृत्त वॉरंट ऑफिसरने. ही सेवापदकं. यांना शौर्य लागत नाही, त्या वेळी तिथे असणं लागतं. रक्षा मेडल 1965 च्या युद्धाच्या वेळी सैन्यदलांत असलेल्या जवळजवळ सगळ्यांना; संग्राम मेडल 1971 च्या वेळचं तसंच. पश्चिमी स्टार 1971 ला पश्चिमेच्या युद्धक्षेत्रात असलेल्यांना; पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार. 1971 ची ही पदकं 1973 मध्ये सुरू झाली, म्हणजे काकाने त्यांची नावंसुद्धा ऐकली नव्हती. "आणि समर सेवा स्टार?" मी विचारलं. "पासष्टला लढाईत होते ना ते," वॉरंट ऑफिसर म्हणाले. "नुसते नोकरीत असते तर रक्षा मेडलवर भागलं असतं."

पासष्टला काका लढाईत होता हे आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं.

घरची समजूत अशी की तेव्हा तो नुकताच कमिशन मिळालेला पोरगा, कुठेतरी कोर्स करत होता. 1965 च्या सप्टेंबरात देशभर ब्लॅकआउट चालला असताना आजी निर्धास्त होती. आत्याला मी उत्तराचा कागद वाचून दाखवला तेव्हा तिने ट्रंकेतली पत्रं मागितली आणि त्यातलं एक काढलं. तारीख 1965 च्या सप्टेंबरातली. पाठवणाऱ्याचा पत्ता '56 एपीओ', म्हणजे लष्करी टपालाचा. त्यावरून माणूस काश्मिरात आहे की पंजाबात की आणखी कुठे ते कळूच नये, अशीच ती व्यवस्था. आत लिहिलंय की कोर्स जोरात चालू आहे, झोप पुरत नाही, जेवण तिखट नाही. म्हार्दोळच्या देवळात जायांची (जाईच्या फुलांची) पूजा झाली का, यंदा जाया किती आल्या, माझ्या नावाने एक वळेसर घाला. सही. मराठी अक्षर सुरेख, ओळी सरळ, फक्त 'कोर्स' शब्द जिथे जिथे आलाय तिथे शाई जरा दाट. किंवा मला आता तसं वाटतं.

आत्याने पत्र परत घडी घातलं. "लबाड मेलो," म्हणाली, आणि हसली.

यानंतर मी शाळेत जाऊन फोटो बघितला. आयुष्यभर पाहिलेला, पण या वेळी स्टूलवर चढून, भिंग घेऊन. मागे फोटो स्टुडिओचा शिक्का आहे, 1969 चा. गणवेशात, छातीवर डाव्या खिशाच्या वर वैमानिकाचे पंख, आणि पंखांखाली रिबनचे दोन तुकडे शेजारी शेजारी, कृष्णधवल फोटोत करडे पट्टे झालेले. समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल 1967 मध्ये सुरू झालेली, तेव्हा फोटो काढताना त्यांच्या रिबन त्याच्या छातीवर होत्या. बहुधा सुटीत तोच गणवेश घालून तो घरीही आला असेल. आजीने, आजोबांनी, बाबांनी, कुणीच विचारलं नाही की या पट्ट्या कसल्या रे. विचारलं असतं तर त्याने काय थाप मारली असती, देव जाणे. वीरचक्राची रिबन अर्धी गडद निळी, अर्धी केशरी असते, दोनच पट्टे. या दोन तुकड्यांत तसा एकही नाही. पुरावा हाराखाली टांगलेलाच होता.

पदकं आली ती टपालाने, छोट्या खोक्यांत, रिबन वेगळ्या गुंडाळलेल्या. दोन स्टार पाच टोकांचे, मध्ये सिंहमुद्रा; दोन मेडलं गोल. मी सगळ्यांत आधी कडा पाहिल्या. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव इंग्रजीत कोरतात, इतकं बारीक की बोटाला कळतं पण डोळ्याला चष्मा लागतो. नंबर बरोबर. आडनाव एच नसलेलं. हवाई दलात तो ज्या नावाने होता त्याच नावाने, म्हणजे बरोबरच.

ती पट्टीवर बसवायला वास्कोला नौदलाचे गणवेश शिवणाऱ्या एका टेलरकडे गेले. रिबनला चुणी न पाडता, सगळ्या पदकांचे खालचे टोक एका रेषेत यावेत असं शिवायचं असतं. तो माणूस एक डोळा मिटून प्रत्येक टाक्याला दोरा ओढून बघत होता. मी सालवार क्रम सांगितला: आधी पासष्टची दोन, मग एकाहत्तरची दोन. तो हात थांबवून म्हणाला, तसं नसतं मॅडम. आधी दोन्ही स्टार, मग रक्षा, मग संग्राम. त्याच्याकडे तक्ता होता. आणि घरच्यांनी लावायची तर उजव्या बाजूला लावा, डावी बाजू ज्याची त्याची.

राहिला प्रश्न फोटोखालच्या मजकुराचा. शाळेच्या समितीसमोर मी दिल्लीचं पत्र ठेवलं. शांतता. मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, असू दे की, मुलांना स्फूर्ती मिळते. दुसरे म्हणाले, देवय्यांना नाही का तेवीस वर्षांनी महावीरचक्र मिळालं, तुम्हीही अर्ज करा. हे गृहस्थ वाचणारे आहेत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यावंसं वाटलं. स्क्वाड्रन लीडर देवय्या 7 सप्टेंबर 1965 ला सरगोध्याच्या हल्ल्यात गेले. आपल्या मिस्तेर विमानाने त्यांनी पाकिस्तानचं कितीतरी वेगवान स्टारफायटर विमान पाडलं, पण ते परत न आल्यामुळे आपल्याकडे कुणाला ते ठाऊकच नव्हतं. पाकिस्तानच्या बाजूने माहिती बाहेर आली तेव्हा कुठे 1988 मध्ये त्यांना महावीरचक्र मिळालं. तिथे कृती होती, साक्ष उशिरा आली. काकाच्या बाबतीत बरोबरच्या वैमानिकाची साक्ष तेव्हाच लिहिलेली आहे: ठरलेल्या लक्ष्यावर गेला, मारा केला, दुसऱ्या फेरीत पडला. त्या लढाईत दोन्ही आघाड्यांवर कितीतरी वैमानिकांनी हेच केलं. मागून वीरचक्र मागायचं म्हणजे त्याने जे केलं ते कमी होतं असं आपणच कबूल करायचं, आणि मला ते मान्य नाही.

चर्चा लांबली. कुणीतरी 'सेवापदक' म्हणजे नोकरीत चिकटून राहिल्याबद्दल मिळतं ते ना, असंही विचारलं. तेव्हा मात्र मी आवाज चढवला.

शेवटी नवा फलक झाला. मजकूर मीच दिला: हुद्दा, नाव, नंबर, जन्मगाव, चार पदकांची नावं क्रमाने, आणि 'डिसेंबर 1971 मध्ये पश्चिम आघाडीवर युद्धात मृत्यू'. रंगाऱ्याने 'अमर' घालू का म्हणून विचारलं, नको म्हटलं. पदकं शाळेला द्यावीत असं समितीचं मत होतं. आत्याने ती आपल्या देवघराच्या कपाटात ठेवली आहेत आणि किल्ली माझ्याकडे नाही.

माझ्या बँकेत पेन्शनच्या खिडकीशी गेल्या महिन्यात एक बाई आल्या, बेतकीच्या. त्यांचे चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, घरी कसला तरी सहा टोकांचा तारा आहे म्हणाल्या. बर्मा स्टार असू शकतो किंवा 1939-45 चा स्टार, दोन्ही सहा टोकांचेच. मी म्हटलं घेऊन या, मधल्या वर्तुळावर काय लिहिलंय ते आधी बघू.